विहीणबाईंचं न मोजलेलं इंजिन

विहीणबाई, तुमच्या ट्रॅक्टरचं इंजिन मी उघडवून घेतलं. तुमच्या मुलाची परवानगी घेऊन, भर दुपारी, शेडची दारं सताड उघडी ठेवून. चोरून काही केलेलं नाही. चोरून जे करायचं होतं ते तुम्ही आधीच करून ठेवलं होतंत.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. पहिले पंधरा दिवस मी तुमच्यासाठी रडले. ते खरं होतं आणि ते मी परत घेत नाही. तेव्हापासून मात्र मी तुमच्याशी भांडते आहे. इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, दोन्ही बाजू मीच बोलते. तुमच्या वाटची उत्तरं जास्त मजेदार होतात, याचाही मला राग येतो.

हे लिहून झालं की मी ऑस्ट्रेलियात पर्थला मधुराकडे पाठवणार आहे. माझी मुलगी आणि तुमची सून, दोन्ही तीच. तेव्हा वाचायचा हक्क तिचा पहिला. इरा आणि नीलला मराठी वाचायला जड जातं, ती त्यांना वाचून दाखवील. मुलांनो, तुमची कार्डिफआजी डॉक्टर होती, सत्तरी उलटल्यावर ट्रॅक्टर चालवून कप जिंकणारी होती, आणि तुमची ब्रॅकनेलआजी नियमवाली आहे, एवढंच तुम्हाला माहीत आहे. इरा, त्यातला एक कप तुझ्या टेबलावर असतो, त्यात तू पेन्सिली ठेवतेस. तो कप तुला ठेवू द्यायचा की नाही, हे मला ठरवावं लागलं. ते कसं ठरलं, ते यात आहे.

विहीणबाई, तुम्हाला आपल्या मुलांचं लग्न आठवत असेल. कार्डिफच्या त्या हॉलमध्ये तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होतात, "मानपान वगैरे काही नको हं. साडी दिलीत तर मी ती ट्रॅक्टर पुसायला घेईन." मी साडी दिलीच. तुम्ही ती खरंच ट्रॅक्टर पुसायला घेतलीत, आणि पुसताना काढलेला फोटो मला पाठवलात. अशी विहीण कुणाच्या वाट्याला येते? माझ्या मैत्रिणी हेवा करायच्या.

तेव्हा ट्रॅक्टर तुमच्या यजमानांचा होता. राखाडी, बुटका, जवळजवळ आपल्या दोघींच्याच वयाचा. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता तुम्ही तो विकाल. मी फोनवर तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, मी तीस वर्षं माणसांना झोपवण्यात घालवली. आता जरा आवाज करते." भूलतज्ज्ञाचं नाव कुणाला आठवत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. पेशंट आभार मानतो सर्जनचे. ज्याने त्याला मरू दिलं नाही तो माणूस पडद्यामागे मशीनचे आकडे बघत बसलेला असतो. तुम्ही हसत सांगायचात म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. ते तुम्हाला लागत होतं, हे मला आत्ता कळतं आहे.

त्याच वर्षी ट्रॅक्टरच्या स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचा तपासनीस सोडून गेला आणि तुम्ही माझं नाव पुढे केलंत. "आमच्या विहीणबाईंनी सव्वीस वर्षं कौन्सिलच्या वजनमापं खात्यात काढली आहेत. पबमधला पेला एक घोट कमी भरला तरी त्यांना झोप लागत नाही." सगळे हसले आणि मी तपासनीस झाले. उन्हाळ्यातले शनिवार, पहाटेचा एम-फोर हायवे, बरोबर मी केलेली थालीपिठं आणि तुमचा फ्लास्क. माझ्या यजमानांच्या मागे माझे शनिवार फार लांब झाले होते. ते तुम्ही भरलेत. हे उपकार आहेत आणि मी ते मान्य करते. पुढे जे लिहायचं आहे ते त्यामुळेच लिहायला अवघड आहे.

मुलांसाठी थोडक्यात सांगते. यात ट्रॅक्टर पळवायचा नसतो, ओढायचा असतो. मागे एक लोखंडी घसरगाडी जोडतात. ट्रॅक्टर पुढे जाईल तसतसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं आणि ती जमिनीत रुतत जाते. शेवटी सगळेच थांबतात. कोण किती फुटांवर थांबला, एवढंच बघायचं. आमचा वर्ग स्टॉक, म्हणजे ट्रॅक्टर कारखान्यातून जसा बाहेर पडला तसाच हवा. टायर त्याच मापाचे, त्यांच्या खाचा कोरून खोल केलेल्या चालत नाहीत. साखळी अडकवायचा आकडा जमिनीपासून वीस इंचांच्या वर नको, कारण आकडा उंच असला की मागच्या चाकांवर भार येतो आणि पकड वाढते. इंजिनाचे फेरे कारखान्याने ठरवले तेवढेच. ड्रायव्हरच्या मनगटाला दोरी, तो पडला की इंजिन बंद. आणि इंजिनाचा आकार मूळचा. तो बाहेरून दिसत नाही. शंका आली तर प्लग काढून तिथे गेजची नळी जोडायची, हँडलने इंजिन फिरवायचं आणि आत किती हवा मावते ते मोजायचं. पंधरा मिनिटांचं काम. कुणाचं मोजायचं ते तपासनिसाने ठरवायचं, किंवा दुसऱ्या ड्रायव्हरने लेखी तक्रार करायची.

सात वर्षांत मी ते गेज अनेकांना लावलं. तुम्हाला एकदाही नाही.

माझी आई मला सांगायची, लेकीच्या सासरी गेलीस तर दिलेल्या खुर्चीवर बसायचं, उठून स्वयंपाकघरात जायचं नाही, आणि कुणाचे डबे उघडून बघायचे नाहीत. मी इंग्रजी शाळेत शिकले, लंडनला परीक्षा दिल्या, पेट्रोल पंपवाल्यांना दंड केले, पण हे काही माझ्यातून गेलं नाही. तुमचे टायर मी मोजले, आकडा मोजला, फेरे मोजले. इंजिनाच्या आत बघणं म्हणजे तुमचे डबे उघडणं. मुलीकडच्या बाईने मुलाच्या आईवर संशय घ्यायचा, तोही चारचौघांत? हात धजला नाही. त्याला मी सभ्यपणा म्हणत होते.

आणि ग्विनला मात्र मी बाहेर काढलं. हे ग्विन, मुलांनो, म्हणजे डोंगरापलीकडचे दूधवाले शेतकरी, वडिलांचाच ट्रॅक्टर घेऊन येणारे, कार्डिफआजी जिंकायची तेव्हा दर वेळी तिच्या मागे दुसरे. एका शनिवारी त्यांचा आकडा अर्धा इंच वर होता. ते म्हणाले, "मिसेस के, कालच्या पावसाने जमीन खचली आहे. दोन हात पुढे घेऊन मोजा." मी मोजून बघितलं. तिथेही अर्धा इंच वर. मी तक्त्यावर लाल फुली मारली. त्यांनी ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला आणि निघून गेले. त्यानंतर ते आलेच नाहीत.

त्या दिवशी तुम्ही जिंकलात. पण त्याआधी, मी लाल फुली मारून तुमच्या ट्रॅक्टरपाशी आले तेव्हा, तुम्ही एक गोष्ट बोललात. ती मी हजार वेळा आठवली आहे.

"विहीणबाई, आज माझ्या इंजिनाला लावाच तुमची ती नळी."

"काहीतरीच काय!"

"लावा हो. पंधरा मिनिटं तर लागतात."

"लोक काय म्हणतील? विहीण विहिणीवर संशय घेते?"

"लोकांचं सोडा. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला वाटतं, तुम्ही आधी थालीपीठ खा. चहा गार होतोय."

तुम्ही थालीपिठाचा तुकडा मोडलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बघा हं. मी सांगितलं नाही असं म्हणू नका."

आता मला सांगा, हे काय होतं? मी लावणार नाही याची खात्री होती म्हणून म्हणालात? की मी लावावं आणि एकदाचं संपावं, असं वाटत होतं? एक असेल तर तुम्ही मला मूर्ख बनवलंत. दुसरं असेल तर तुम्ही हात पुढे केला आणि मी त्यात थालीपीठ ठेवलं. रोज सकाळी मला यातलं एक पटतं आणि संध्याकाळी दुसरं.

नंतर तुम्ही आजारी पडलात. जिथे तीस वर्षं नोकरी केलीत त्याच हॉस्पिटलमध्ये तीन आठवडे होतात. मी दर दोन दिवसांनी येत होते. तुमचा आवाज बारीक झाला होता, पण बोलणं स्वच्छ होतं. नर्सने सलाईन लावलं की तुम्ही तिची चूक काढायचात. म्हणजे बोलता येत होतं. एका दुपारी म्हणालात, "ट्रॅक्टर विका. कुणा प्रामाणिक माणसाला द्या. आणि विकण्याआधी सगळं तपासा, विहीणबाई. सगळं. तुमच्या पद्धतीने."

मी हो म्हटलं. मला वाटलं, हा माझ्यावरचा विश्वास आहे.

तुम्ही मला सांगितलं नाहीत, कामाला लावलंत. कबुली देणंही तुम्ही दुसऱ्या माणसावर सोडून गेलात, आणि तो माणूस मी.

गेज लावलं तेव्हा शेडमध्ये मी एकटी होते. गेजवरचा आकडा पुस्तकातल्यापेक्षा मोठा आला. मला वाटलं, नळी नीट बसली नाही. परत लावली, परत तोच. तिसऱ्यांदाही तोच. मग तुमच्या निखिलला फोन करून परवानगी घेतली आणि मेकॅनिकला बोलावलं. त्याने वरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि शीळ घातली. आत त्याच कारखान्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचे पिस्टन होते. मी घाईघाईने म्हटलं, "यांच्या यजमानांनी बसवले असतील. ते सात वर्षांपूर्वी गेले." त्याने झाकणाखालचा गॅस्केट, मध्ये बसवायचा पातळ पत्रा, बोटाने पुसून मला दाखवला. "झाकण उघडलं की हा नवा घालावा लागतो. हा एवढा जुना नाही. चार वर्षांचा असेल फार तर."

चार वर्षं. चार कप.

तुमच्या यजमानांच्या नावामागे लपायची सोयसुद्धा तुम्ही मला ठेवली नाहीत.

चार वर्षांपूर्वी काय झालं, हे मी आठवून बघितलं. त्याआधीची तीन वर्षं तुम्ही हरत होतात आणि मजेत होतात. एकदा तर शेवटच्या आलात आणि सगळ्यांना केक वाटलात. मग निखिलने ब्रॅकनेलची नोकरी सोडली आणि मुलं पर्थला गेली. दर रविवारी व्हिडिओ कॉल सुरू झाला. इरा आठ वर्षांची. ती दर वेळी विचारायची, "कार्डिफआजी, तू जिंकली?" आणि तुम्ही म्हणायचात, "नाही गं राणी, पुढच्या वेळी." दोन-तीन रविवारनंतर ती कॉलवरून उठून खेळायला जायला लागली. ही माझी कल्पना आहे, पुरावा नाही. मुलांनो, असं असलं तरी यात तुमचा काडीचा दोष नाही. मोठ्या माणसांना हरल्याचं सांगता आलं पाहिजे. मलाही कुठे येत होतं? विहीणबाई, तुम्ही कॉलवर नवा कप दाखवायचात तेव्हा मी बाजूच्या चौकोनात बसून टाळ्या वाजवायचे, आणि मला हेवा वाटायचा.

तुमच्या कपाटातले तीन कप पिशवीत घालून मी ग्विनकडे गेले. त्यांनी मला आत बोलावलं नाही, गोठ्याच्या दारातच उभे राहिले. मी सगळं सांगितलं. ठरवून गेले होते, तसं एकही शब्द न गाळता.

ते म्हणाले, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मिसेस के, मी साठ वर्षं ट्रॅक्टरचे आवाज ऐकतो आहे. डॉकचं इंजिन मोठं होतं, हे पहिल्याच शनिवारी कळलं. मलाच नाही, सगळ्यांना."

"मग लेखी तक्रार का नाही केलीत?"

"डॉकने माझ्या बायकोला तीनदा झोपवलं आणि तीनदा उठवलं. तिसऱ्या वेळी सर्जन येऊन म्हणाला, आशा ठेवू नका. डॉक रात्रभर तिच्या खाटेपाशी बसली होती, ड्यूटी संपल्यावर. तिच्याविरुद्ध मी कागद लिहू?" मग गोठ्याची कडी ओढून घेत म्हणाले, "आणि आम्हाला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे. घरचं माणूस आहे, चालायचंच."

ऐका, विहीणबाई. तुम्ही फसवलंत ते एक. पण चार वर्षं त्या शेतात माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे बघून सगळे मनात हसत होते. मी ग्विनला अर्ध्या इंचावरून बाहेर काढलं तेव्हा तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटलं, ही बाई आपल्या विहिणीसाठी वाट मोकळी करते आहे. माझ्याकडे फार काही नव्हतं हो. बंगला नाही, तुमच्यासारखी डिग्री नाही, चारचौघांत बोलायची हातोटी नाही. माझं मोजलेलं बरोबर असतं, एवढं एक होतं. ते तुम्ही माझ्या नकळत वापरून संपवलंत.

ग्विननी कप घेतले नाहीत. "माझ्याकडे फळी एकच आहे आणि तिच्यावर औषधं असतात," म्हणाले. जाताना एवढंच म्हणाले, "पण तुम्ही मोजायला हवं होतं. ते काम तुमचं होतं, माझं नाही."

कप मी क्लबला दिले. बरोबर पत्र दिलं: इंजिन स्टॉक नव्हतं, तपासनिसाने ते मोजलं नाही, दोन्हींची नोंद व्हावी, आणि तपासनिसाचा राजीनामा सोबत. सेक्रेटरी म्हणाला, "ती बिचारी गेली, आता कशाला?" मी म्हटलं, "मी आहे ना अजून."

राहिला इराचा कप.

निखिलला मी आधी सांगितलं. त्याने आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "आई, प्लीज, मुलांना नको. शी वॉज माय मम. त्यांच्याकडे आता तिचं तेवढंच आहे." तुमच्यासारखाच आवाज, शब्द तोडून बोलायची तीच सवय. मी दोन रविवार गप्प राहिले. मधुरा मला फोनवर म्हणाली, "आई, तू सांगितलंस तर निखिल तुला माफ करणार नाही. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे." माहीत आहे. मला आठवड्यातून चाळीस मिनिटं नातवंडं दिसतात आणि ती त्याच्या लॅपटॉपवर दिसतात, हेही माहीत आहे. मी सांगणार नव्हते. खरंच नव्हते, विहीणबाई. मीही ते झाकण परत बसवून टाकणार होते.

गेल्या रविवारी इरानेच विचारलं. मुलं घरात सगळं ऐकत असतात.

"आजी, कार्डिफआजीचा ट्रॅक्टरमध्ये काय इश्यू होता? डॅडी सांगत नाही."

मी निखिलकडे बघितलं. तो स्क्रीनच्या कडेला होता, अर्धा दिसत होता. त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग मी इराकडे बघितलं. ती आता बारा वर्षांची आहे आणि उत्तराची वाट बघताना तुमच्यासारखी भुवई वर करते. मी सांगितलं. मोठे पिस्टन, चार वर्षं, ग्विन. तुमच्या बाजूचंही सांगितलं, ग्विनच्या बायकोपाशी बसलात तेसुद्धा.

"मग हा कप?"

"पोस्टाने पाठव. क्लबचा पत्ता मी देते."

"पण तो कार्डिफआजीने मला दिला."

"दिला. पण तो तिचा नव्हता, इरा."

तिने कपातल्या पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या. नीलला वाटलं खेळ आहे, त्याने त्या गोळा करायला घेतल्या. इरा म्हणाली, "पण आजी, यू वर द चेकर. तू का नाही चेक केलं?"

मी तिला सांगायला लागले की आपल्यात मुलीच्या सासरच्या माणसांवर असा संशय घेत नाहीत. दोन वाक्यं बोलले आणि मलाच ते ऐकवेना.

"सो तू पण चीट केलं?"

मागून मधुरा "इरा!" म्हणून ओरडली. निखिल उठून गेला, दार आपटल्याचा आवाज इथपर्यंत आला.

"हो," मी म्हटलं.

विहीणबाई, हा शब्द आधी तुम्ही म्हणायचा होतात. तीन आठवडे होते तुमच्याकडे. तुमच्या पाठोपाठ मीही तो म्हटला असता, आणि पोरीची बोलणी आपण दोघींनी मिळून खाल्ली असती. आता मी एकटीच खाते आहे.